काचतंतूंतून घडणारे मोटारीचे अंग

घरच्या शेडमधील फायबरकाम: कला, हिशेब आणि सावधगिरी

आपल्याकडील अनेक कुटुंबांत जुनी मोटार ही केवळ वाहन नसते. आजोबांनी पहिल्या कमाईतून घेतलेली, लग्नाची वरात पाहिलेली, आजारी माणसाला मध्यरात्री रुग्णालयात पोहोचविणारी ती घरातील एक सदस्यच असते. अशी मोटार जपायची म्हटले की पहिली अडचण इंजिनाची येत नाही. जुने इंजिन उघडणारे जाणते कारागीर अजूनही भेटतात. अडचण येते ती पत्र्याची. मडगार्डची कड गंजते, बॉनेटचे टोक झिजते, आणि बाजारात विचारणा केल्यावर कळते की तो भाग आता कोणीच बनवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी एके काळी मुंबईच्या टॅक्सीचे दुसरे नाव होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची नोंदणीकृत टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. गाडीच रस्त्यावर उरली नाही, तर तिच्या सुट्या भागांचे दुकान किती काळ उघडे राहणार?

या प्रश्नाला हौशी लोकांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे फायबरकाम. एखाद्याकडून धड असलेले मडगार्ड आठवडाभर उसने घ्यायचे, त्याचा साचा काढायचा आणि त्या साच्यातून काचतंतू व रेझिन यांचे नवे मडगार्ड घडवायचे. मोठे यंत्र नाही, भट्टी नाही, वेल्डिंग नाही. ब्रश, रोलर, कात्री आणि धीर एवढ्यावर हे काम होते. म्हणूनच घरातील तरुण मुलामुलींना त्याची ओढ वाटते, आणि म्हणूनच आईवडिलांना ते नीट समजून घेणे आवश्यक ठरते. कारण या कामात कला आहे तशीच धोकादायक रसायनेही आहेत. घरात त्याला जागा द्यावी का, द्यावी तर कोठे आणि कोणत्या अटींवर, याचा निर्णय माहितीच्या आधारे व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पदार्थाची जन्मकथा

काचेचे तंतू मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ते विपुल आणि स्वस्त तयार करण्याची युक्ती गवसली ती गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात, अमेरिकेतील ओहायो राज्यात. ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीतील डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडण्याचा प्रयत्न करीत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर आदळला आणि काचेचे अतिशय बारीक धागे उडाले. त्या अपघाताचे मोल ओळखले गेले आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही काचतंतूंचीच स्वतंत्र कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली आणि विमानांवरील रडारची आवरणे या जोडपदार्थाची होऊ लागली; कारण रडारच्या लहरींना तो अडवत नाही.

युद्ध संपले आणि अमेरिकेतील हौशी मंडळींनी हाच पदार्थ आपल्या गॅरेजमध्ये आणला. १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट ही संपूर्ण फायबरग्लासच्या अंगाची मोटार बाजारात आणली. पहिल्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे अशा अवघ्या ३०० गाड्या हाताने जोडल्या गेल्या. इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस कंपनीची एलिट अवतरली. तिच्यात वेगळी लोखंडी चौकट न ठेवता फायबरच्या कवचालाच बहुतांश भार पेलायला लावला होता. भारतात बंगळूरच्या सिपानी यांची डॉल्फिन ही छोटी मोटार १९८० च्या दशकात फायबरचे अंग घेऊन धावली. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने फायबरच्या अंगाची दोन आसनी रोडस्टर घडविली.

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. पत्र्याचे अंग दाबून काढण्यासाठी पोलादी डाय लागतात. त्यांची किंमत प्रचंड असते आणि ती हजारो गाड्यांवर वाटली गेली तरच परवडते. फायबरचा साचा मात्र हाताने, थोड्या खर्चात होतो. ज्याला तीनशे गाड्या करायच्या आहेत त्याला, आणि ज्याला एकच मडगार्ड हवे आहे त्यालाही, फायबरचाच मार्ग सोपा.

मूळ नमुना, साचा आणि वस्तू

या कामाचे तीन टप्पे आहेत: मूळ नमुना, साचा आणि वस्तू. नवशिक्याला वाटते की जुन्या मडगार्डवरच काचेची मॅट आणि रेझिन थापले की झाले. तसे केल्यास गुळगुळीत बाजू आत जाते, खडबडीत बाजू बाहेर येते आणि वस्तू थराच्या जाडीएवढी मोठी होते. म्हणून आधी मूळ भागाच्या बाहेरील अंगावरून उलटा साचा घ्यावा लागतो आणि मग त्या साच्याच्या पोटात नवी वस्तू घडवावी लागते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या उशिरा ध्यानात येते: डाव्या मडगार्डच्या साच्यातून उजवे मडगार्ड निघत नाही. दोन्ही परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात. ज्या बाजूचा भाग हवा, त्याच बाजूचा धड नमुना मिळवावा लागतो.

कामाचा खरा वेळ नमुन्यावर जातो. पोचे पुट्टीने भरायचे, पाणकागदाने घासत जायचे, रंग द्यायचा आणि आरशासारखी चकाकी येईपर्यंत पॉलिश करायचे. नमुन्यावर राहिलेला लहानसा ओरखडाही साच्यात उतरतो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पुन्हा उमटतो. नमुन्यावर दिलेला एक तास पुढील प्रत्येक वस्तूमागचे कित्येक तास वाचवितो. नमुना नव्यानेच कोरायचा असेल, तर पॅकिंगचा पांढरा थर्मोकोल वापरू नये. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन त्याला विरघळवून टाकते. त्यासाठी पॉलियुरेथेनचा फोम चालतो.

करंजीच्या साच्याला तुपाचा हात लावतात तसाच येथे मेणाचा लावतात. नव्या पृष्ठभागावर साचाकामाच्या मेणाचे पाच-सहा हात, दोन हातांत पुरेसा अवधी ठेवून आणि प्रत्येक हात पुसून चमकवून द्यावे लागतात. त्यावर पीव्हीए या द्रवाचा पातळ पापुद्रा चढवितात. तो पाण्यात विरघळतो आणि सुटका सोपी करतो. येथे केलेली घाई म्हणजे नमुना आणि साचा यांचा कायमचा विवाह. मग दोन्ही फोडल्याशिवाय वेगळे होत नाहीत.

मडगार्डची कड आत वळलेली असते. अशा ठिकाणी साचा अखंड केला तर वस्तू आत अडकून बसते. मोदकाचा साचा जसा उघडतो, तसा हा साचाही दोन भागांत करावा लागतो. एका बाजूला प्लायवुडची पट्टी उभी करून पहिला भाग घडवायचा, ती काढून दुसरा भाग पहिल्याच्या कडेला भिडवायचा आणि दोहोंच्या जोडपट्टीत नट-बोल्टची छिद्रे पाडायची.

विरजणाचा न्याय

रेझिन घट्ट कसे होते, हे स्वयंपाकघरातील उदाहरणाने चटकन कळेल. दुधाला विरजण लागते तसे पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर लागतो. एमईकेपी या नावाने तो मिळतो. त्याचे प्रमाण साधारणपणे वजनाच्या १ ते २ टक्के असते; अर्धा किलो रेझिनला दीड टक्क्याने साडेसात ग्रॅम. विरजणाप्रमाणेच उन्हाळ्यात काम लवकर लागते, थंडीत रेंगाळते. साम्य येथे संपते. दही लागताना भांडे तापत नाही. रेझिन मात्र घट्ट होताना स्वतःची उष्णता निर्माण करते. पसरलेल्या थरातून ती निघून जाते, पण डब्यात उरलेल्या रेझिनमध्ये साठत जाते. धूर निघतो, डबा वितळतो, प्रसंगी पेटतोही. म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच रेझिन कालवावे आणि उरलेले उघड्यावर पसरट ताटलीत ओतून ठेवावे.

पहिला थर जेलकोटचा. तो दोन हातांत मिळून सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा किंचित अधिक द्यावा. पुढे केव्हा जायचे, याची खूण बोटाला कळते: स्पर्श चिकट लागतो, पण बोटाला रंग लागत नाही. जेलकोट पातळ राहिला किंवा नीट आवळला नाही, तर वरच्या रेझिनमधील स्टायरीन त्याला सुरकुतविते आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा होतो. अशी सुरकुती पुढे कशानेही झाकली जात नाही.

त्यानंतर काचेची मॅट. प्रारंभी चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची पातळ मॅट, ब्रशने रेझिन टेकवीत कोपऱ्याकोपऱ्यांत बसवावी. पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक झाली की समजावे, हवा निघाली. उरलेले बुडबुडे लोखंडी रोलरने बाहेर काढावेत. तीक्ष्ण कोपऱ्यात मॅट वळत नाही. तेथे रेझिन आणि टाल्कची जाडसर लुगदी आधी भरावी. हा पहिला थर घट्ट झाल्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर एका वेळी दोन-तीन या हिशेबाने चढवावेत. सारे थर एकाच दिवशी लादले, तर उष्णतेने आकुंचन होते आणि साचा वाकतो. साच्याची जाडी वस्तूच्या किमान दुप्पट असावी. तो घट्ट झाल्यावर त्याच्या पाठीवर लाकडी किंवा पाइपच्या फासळ्या बसवाव्यात. यानंतर काही दिवस त्याला हात लावू नये. तो नमुन्यावरच मुरू द्यावा. सोडविताना पेचकस खुपसू नये. लाकडी वा प्लास्टिकच्या पाचरी कडेने हलकेच सरकवीत पाणी सोडावे. पीव्हीए विरघळते आणि एका क्षणी मोकळा टणत्कार होऊन साचा सुटतो. हा आवाज ऐकण्यासाठीच कारागीर एवढे कष्ट घेतो, असे म्हटले तरी चालेल.

साच्यातील वस्तूला हीच रीत, फक्त थर कमी. कडा कापण्याची योग्य वेळ असते: थर चामड्यासारखा झालेला, पण दगडासारखा न झालेला. तेव्हा धारदार सुरीने कड सहज निघते आणि काचेची धूळ उडत नाही. बोल्ट जेथे बसणार, तेथे थरांमध्ये धातूची पट्टी घालावी आणि मोठे वॉशर वापरावेत. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: जुन्या गाड्यांत दिव्याची अर्थिंग मडगार्डच्या पत्र्यातूनच होत असते. फायबर वीज वाहत नाही. त्यामुळे नवे मडगार्ड बसविल्यावर दिवा लागत नाही आणि माणूस उगाच बल्ब बदलत बसतो. अर्थिंगची स्वतंत्र तार ओढली की प्रश्न मिटतो.

वजनाचा आणि पैशाचा हिशेब

फायबर म्हणजे पिसासारखे हलके, हा समज तपासून पाहावा. एक चौरस मीटर अंगाचा भाग धरू. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ६.३ किलो भरते. तेवढ्याच आकाराला ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर म्हणजे १.३५ किलो काच, आणि हाताच्या कामात काचेच्या सव्वादोन पट धरल्यास जवळजवळ ३ किलो रेझिन. वर अर्धा किलोहून थोडा अधिक जेलकोट. एकूण पाच किलोच्या आत-बाहेर. बचत आहे, पण चमत्कार नव्हे. रेझिन जास्त ओतणाऱ्याच्या हातून ती बचतही निघून जाते. कारण बळ काचेत असते, रेझिन तिला केवळ धरून ठेवते. फायबरचा खरा लाभ वजनात नसून गंज न लागण्यात आणि हव्या त्या आकारात आहे.

पैशाचा हिशेबही व्यापारी डोळ्याने करावा. नमुना आणि साचा यांत बहुतेक श्रम खर्ची पडतात. त्यानंतरची प्रत्येक वस्तू तुलनेने स्वस्त. एकाच मडगार्डसाठी साचा करणे ही हौस होय. त्याच मोटारीच्या दहा मालकांनी मिळून एक साचा केला, तर तो व्यवहार होतो. जुन्या गाड्यांच्या मंडळांनी असा विचार अवश्य करावा.

जेथे थांबावे तेथे थांबावे

आता आईवडिलांनी विशेष लक्ष देण्याचा भाग. रेझिनमधील स्टायरीनची वाफ डोळे चुरचुरविते, डोके जड करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनची गणना मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या नाकाच्या उंचीवर. तिचा वास थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो. वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे मानू नये. सुमारे ३१ अंश सेल्सिअसला स्टायरीनची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडील वैशाखातील दुपार याहून कितीतरी तप्त असते. ब्रश धुण्याचे ॲसिटोन तर कडाक्याच्या थंडीतही पेटते. देवघरातील समई, गॅसची शेगडी, गीझर यांच्या जवळपास हे काम होता कामा नये.

सर्वांत जपावे ते हार्डनरला. तो पाण्यासारखा नितळ दिसतो. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तो कदापि भरू नये. चुकून घोटभर प्यायला गेला, तर जीव जाऊ शकतो. डोळ्यात एक थेंब उडाला तरी दृष्टी गमावण्याची भीती असते. उडालाच, तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. रेझिनमध्ये मिसळण्याचे कोबाल्टचे ॲक्सिलरेटर वेगळे मिळत असेल, तर ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर शेवटी घालावा. शक्यतो ॲक्सिलरेटर मिसळलेलेच रेझिन आणावे. हार्डनर लागलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये. त्या पाण्याने भिजवून उघड्यावर पसराव्यात.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क वाफेला अडवीत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क, बंद चश्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा ही किमान सामग्री होय. घासकाम करताना धुळीचा फिल्टर वेगळा हवा, आणि पाणी लावून घासणे केव्हाही उत्तम.

यावरून निष्कर्ष स्पष्ट निघतो. बंद फ्लॅट, सोसायटीचे तळघर किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली गच्चीवरील खोली ही या कामाची स्थळे नव्हेत. चहूबाजूंनी हवा खेळणारी, राहत्या घरापासून दूर, कुलूप लागणारी शेड असेल तरच परवानगी द्यावी. नसेल तर एखाद्या फायबर कारखान्याच्या गाळ्यात जाऊन शिकावे. पावसाळ्यात दमटपणामुळे काम बिघडते, म्हणून ऋतूही पाहावा. घरात गर्भवती स्त्री, दमेकरी किंवा लहान मूल असेल, तर कामाचे कपडे घरात आणून सर्वांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

कायद्याची आणि सुरक्षिततेची रेघ

मोटारीचे दर्शनी अंग आणि तिचे प्राणरक्षक अवयव यांतील भेद विसरू नये. मडगार्ड, बॉनेट, दिव्याभोवतीची चौकट हे भाग फायबरचे चालतात. बंपरमागील पोलादी पट्टी, चेसिस, आसनांचे व पट्ट्यांचे आधार यांना घरच्या फायबरने हात लावू नये. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीच्या पुढील भागाची रचना टक्कर कशी शोषायची हे ठरवून केलेली असते; तिच्यात बदल करणे म्हणजे त्या साऱ्या योजनेत ढवळाढवळ करणे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांहून वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच अर्थ लावला. गंजलेल्या मडगार्डच्या जागी त्याच आकाराचे मडगार्ड बसविणे वेगळे, आणि गाडीची लांबी-रुंदी वा ढब पालटणे वेगळे. काम आरंभण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याच्या वेळी होणारा वाद त्यामुळे टळतो.

एक जबाबदारी पर्यावरणाचीही. घट्ट झालेले पॉलिएस्टर पुन्हा वितळत नाही. फसलेली वस्तू भंगारवालाही नेत नाही. ती जाळणे तर सर्वथा वर्ज्य. म्हणून मोजून कापावे, मोजून कालवावे आणि पहिला प्रयोग मडगार्डवर न करता तळहाताएवढ्या तुकड्यावर करावा.

हाताला लागलेली विद्या

मग एवढ्या अटी घालून हे शिकवावे तरी कशाला? कारण साच्याचे हे ज्ञान मोटारीपुरते राहत नाही. होडी, पाण्याची टाकी, ट्रकवरील वाऱ्याची ढाल, बागेतील आसन, उत्सवातील मखर या सर्वांत हीच विद्या वापरली जाते. बाजारपेठेच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या मुलांना वस्तूची किंमत ठाऊक असते. ती घडते कशी, हे क्वचितच ठाऊक असते. ज्याने आठ दिवस एकाच पृष्ठभागावर पाणकागद फिरविला आहे, तो उद्या कारखान्याचा मालक झाला तरी कामगाराच्या दिवसभराच्या श्रमाचे मोल वेगळ्या नजरेने करील. आणि ज्याने हार्डनरची बाटली रोज कुलपात ठेवण्याची शिस्त अंगी बाणवली, त्याला आपल्या शेडमधील इतरांच्या श्वासाची काळजी घेण्याचे वेगळे धडे द्यावे लागणार नाहीत.

घरातील मुलगा किंवा मुलगी हा हट्ट घेऊन आली, तर एकदम नकारही देऊ नये आणि कौतुकाने डोळेझाकही करू नये. आधी जागा पाहावी, मग मास्क आणि चश्मा आणावा, मग जाणत्या कारागिराकडे चार दिवस पाठवावे, आणि रेझिनचा डबा सर्वांत शेवटी विकत घ्यावा. हा क्रम पाळला, तर हौस आणि आरोग्य या दोहोंपैकी कशाचाही बळी द्यावा लागणार नाही.